घागरी घडवणाऱ्या काकांकडून गॉन्टलेट करून घेतले, त्याचा रिव्ह्यू

गॉन्टलेट म्हणजे युरोपातले सरदार लढाईत घालायचे ते धातूचे हातमोजे. आपल्याकडे दस्ताने होतेच, दांडपट्ट्याला खोबळा असतो, त्यातलाच प्रकार, फक्त ह्याची बोटं वेगवेगळी हलतात. हे वेड मला कुठून लागलं ते विचारू नका. मी नाशकात अंबडला कंपनीत डाय फिटिंगचं काम करतो, दिवसभर पत्रा बघतो आणि घरी येऊन मोबाईलवर पण पत्राच बघतो असं बायको म्हणते, आणि ते खरंय.

आधी मी एक जोडी ऑनलाइन मागवली होती, साईटचं नाव नाही घेत. फोटोत एकदम झकास आणि हातात आल्यावर डोक्याला हात. मनगटाचा भाग दोन तुकड्यांचा, वेल्ड करून वरून बफ मारलेला, आतून वेल्डचा मणी तसाच टोचतोय. बोटांच्या पट्ट्या पॉप रिव्हेटने ठोकलेल्या, म्हणजे हल्लीचे गनने मारायचे पोकळ रिव्हेट, आणि नमुना म्हणे चौदाव्या शतकातला! मूठ वळली की मधलं बोट अडकायचं ते दुसऱ्या हाताने सोडवायला लागायचं. वर लिहिलेलं 'म्युझियम क्वालिटी'. रिटर्न नाही म्हणाले. ती जोडी आता पोराच्या खेळण्यात आहे.

मला हवे होते ते इंग्लंडच्या ब्लॅक प्रिन्सचे. हा एडवर्ड तिसऱ्याचा मोठा मुलगा, १३४६ ला क्रेसीच्या लढाईत होता तेव्हा १६ वर्षांचा, १३५६ ला पॉयटिएला ह्याने फ्रान्सचा राजाच पकडला, आणि स्वतः राजा व्हायच्या आधीच १३७६ ला गेला. (आपल्याकडे तेव्हा बहमनी राज्य, म्हणजे हिशोब लागेल.) कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याचं थडगं आहे, त्याच्यावर शिरस्त्राण, ढाल, अंगरखा, हातमोजे सगळं शेकडो वर्षं टांगलेलं होतं. आता वर प्रती टांगल्यात आणि मूळ वस्तू काचेत ठेवल्यात. तर हे त्याचे हातमोजे पोलादाचे नाहीत, तांब्याच्या मिश्रधातूचे, म्हणजे पितळेच्याच जातीचे, वर सोन्याचा मुलामा. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी उठून बसलो, कारण पितळेचा पत्रा ठोकून आकार द्यायचा तर नाशकात बसून ऑनलाइन कशाला शोधायचं, तांबट लेन काय कामाची मग.

दुकान कुठे ते सांगतो पण नाव सांगता येणार नाही, पाटीच नाहीये. रविवार कारंजावरून सराफ बाजार, तिथून भांडी बाजाराच्या अंगाने तांबट लेनमध्ये शिरा आणि ठोक्यांचा आवाज येईल तिकडे वळा. आता पूर्वीएवढा आवाज येत नाही, बरीच दुकानं मशीनचा माल आणून नुसती विकतात, म्हणून हाताने ठोकणारे काका सापडेपर्यंत माझ्या तीन चकरा झाल्या. गाडी नेऊ नका, नेलीच तर गाडगे महाराज पुलाकडे लावून चालत या.

काकांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "कोणत्या देवाचे आहेत?" कारण त्यांच्याकडे हात करायला येणारी गिऱ्हाईकं म्हणजे मूर्तीला हात, मुखवटा, प्रभावळ असलीच. म्हटलं काका, देवाचे नाही, माझे. "तुझे? तू काय करणारेस?" ह्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाहीये. काकू आतून म्हणाल्या घ्या हो, पोरगं हौशी दिसतंय.

आता कामाबद्दल, कारण रिव्ह्यूत खरं तर तेच पाहिजे.

ह्या काळच्या गॉन्टलेटला इंग्रजीत वाळूच्या घड्याळाचं नाव आहे, कारण मनगटाशी एकदम बारीक आणि पुढे-मागे फाकलेला. हाताची मागची बाजू, मनगट आणि मागचा घोळ हे सगळं एकाच पत्र्यातून काढलेलं असतं, तुकडे जोडून नाही. ऑनलाइनवाले नेमके इथेच मार खातात, कारण सपाट पत्र्याला मधे बारीक करत न्यायचं म्हणजे पत्रा कुठे ताणायचा कुठे गोळा करायचा हे हाताला कळायला लागतं. मी साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यातून कापलेला नमुना नेला होता, काकांनी तो बाजूला ठेवला, सुतळीने माझं मनगट, पंजा, कोपराखालचा भाग मोजला आणि म्हणाले, "हा तर तांब्याचा गळा आहे. उलटा धर." मी फोटो उलटा धरला आणि खरंच हो, पाणी प्यायच्या तांब्याचा गळा! चाळीस वर्षं हा माणूस तोच गळा काढतोय, त्याला मी १३७६ चं लेक्चर देत होतो.

२० गेजचा पितळी पत्रा घेतला, म्हणजे साधारण ०.९ मिलीमीटर. काम असं चालतं की पत्रा ठोकला की कडक होतो, मग भट्टीत मंद लाल होईपर्यंत ताव द्यायचा, थंड होऊ द्यायचं, चिंचेच्या पाण्यात काळं काढायचं, परत ठोकायचं. पितळ गरम असताना ठोकू देत नाहीत काका, तडकतं म्हणतात. एका हाताला मी असताना पाच वेळा ताव दिलेला मी मोजलाय, मी नसताना किती दिले माहीत नाही. आधी लाकडी मोगरीने ढोबळ आकार, मग जमिनीत रोवलेल्या वाकड्या लोखंडी दांड्यावर हातोडीने, आणि शेवटी मठार, म्हणजे एकसारखे बारीक ठोके, ज्याने पत्रा ताठ होतो आणि ती चमकदार खवल्यांची नक्षी उठते. इथे आमचं वाजलं. मला गुळगुळीत पाहिजे होतं, मुलाम्याच्या वस्तूवर घागरीसारखी खवली कुठे असतात. काका म्हणाले मठार नाही तर माल हातचा आहे हे कळणार कसं. शेवटी तडजोड, बाहेरून घासून गुळगुळीत केलं आणि आतून मठार तसाच ठेवला. हात घातला की आतल्या चामड्याच्या मोज्यातून पण जाणवतो, आणि खरं सांगू का, आता मला आतलीच बाजू जास्त आवडते.

पहिला हात तयार झाल्याचा फोन आला, कंपनीतून हाफ डे टाकून गेलो. दिसायला असा सुंदर की बोलायची सोय नाही. घालायला गेलो तर हात आत जाईना. झालं काय, काकांनी मनगटाच्या खालच्या बाजूला दोन्ही कडा जुळवून पक्का डाग देऊन टाकलेला! त्यांचं बरोबरच होतं ना, आयुष्यभर जे केलं त्यातून पाणी गळता कामा नये, मग सांध उघडी कोण ठेवेल. पण हे गॉन्टलेट तळहाताच्या बाजूने उघडंच असतं, पत्रा मनगटाला नुसता मिठी मारून बसतो, हात घालताना थोडा फाकतो, घातला की परत आवळतो. मी हे सांगायला विसरलो, चूक माझीच निम्मी. काकू साबणाचं पाणी घेऊन आल्या, कासाराकडे बांगड्या भरतात तसा माझा हात दाबून दाबून आत घातला, आणि मग तो बाहेर येईना. पंधरा मिनिटं मी तांबट लेनमध्ये एक हात पितळी करून बसलेलो, येणारी जाणारी माणसं बघतायत, समोरचा चहावाला फोटो काढतोय. शेवटी काकांनी कात्रीने डाग कापला. कापलेल्या जागी कडा दुमडून घेतल्या, आणि तो हात आज दुसऱ्यापेक्षा ३५ ग्रॅम जड आहे (७४५ आणि ७१०, किचनच्या काट्यावर).

बोटं. इथे मी खरंच फुल मार्क देतो. प्रत्येक बोटाला सहा आणि अंगठ्याला चार छोट्या पट्ट्या, म्हणजे जोडीला ५६, प्रत्येकीला दोन रिव्हेट. लाकडाच्या ओंडक्यात खळगा कोरून त्यात एकेक पट्टी ठोकून खोलगट केली, तांब्याच्या तारेचे तुकडे कापून रिव्हेट केले. पट्ट्या आधी चामड्याच्या पट्टीवर बसतात आणि ती पट्टी मग मोज्याच्या बोटावर शिवतात, थेट मोज्यावर ठोकायच्या नाहीत, नाहीतर मोजा फाटला की सगळंच गेलं. मूठ वळली तरी फट पडत नाही, पेन धरता येतो, मी ह्या हाताने रिक्षावाल्याला पैसे पण दिलेत. मोजे सातपूरच्या सेफ्टी सामानाच्या दुकानातून शेळीच्या चामड्याचे घेतले, आधी वेल्डिंगचे घेतले होते ते फार जाड, पैसे वाया. शिवण शालिमारजवळच्या एका चांभारकाकांनी घातली, त्यांनी एकदाच विचारलं हे काय आहे आणि उत्तर ऐकायच्या आधीच सुई लावली.

सिंह हा वीक पॉइंट. ब्लॅक प्रिन्सच्या मोज्यांना बोटांच्या मुळाशी, म्हणजे जिथे आपण गुद्दा मारतो तिथे, छोटे छोटे सिंह बसवलेले होते. काका म्हणाले ओतकाम माझं नाही, ओळखीच्या ओताऱ्याकडून आठ सिंह ओतून आणले. आता काय सांगू, पाच मांजरं आहेत, दोन बरे आहेत आणि एक चक्क नंदी वाटतोय. परत करून देतो म्हणाले, मीच नको म्हटलं. एक सिंह तर पंधरा दिवसांत निघून पडला, पण मूळ मोज्यांवरचेही बरेचसे सिंह नाहीसे झालेत, त्यामुळे मी ते ऐतिहासिक धरतो.

सोन्याच्या मुलाम्याचा नाद सोडला. त्या काळी पाऱ्यात सोनं मिसळून लावायचे आणि तापवून पारा उडवायचे, ती वाफ विषारी, कोणाला करायला सांगणं पण पाप आहे. नुसतं पितळ घासलं तरी लांबून सोनंच वाटतं.

एक गोष्ट मात्र काकांकडून शिकलो आणि ती माझ्या धंद्यातली असून मला सुचली नव्हती. सगळं झाल्यावर त्यांनी परत एकदा हलकी ऊब दिली, लाल नाही, नुसती गरम. म्हणाले, "ठोकलेलं पितळ रागावलेलं असतं, तसंच दिलं तर पावसाळ्यात तडकेल." हे शंभर टक्के खरंय. ब्रिटिशांच्या काळात भारतात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची, कारण आत ताण राहिलेला आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत. त्यावर उपाय पण हाच निघाला, हलकं तापवून ताण काढायचा. त्यामुळे कोणी करून घेतलेच तर काच पुसायचं अमोनियावालं लिक्विड अजिबात मारू नका, चिंच नाहीतर पितांबरी, धुऊन कोरडं पुसा.

तक्रारी पण लिहितो. टाईम. पंधरा दिवस बोलले होते आणि लागले अडीच महिने. मे मध्ये दिलं तर लग्नसराईची भांडी, मग सिंहस्थासाठी गोदेचं पाणी भरून न्यायच्या गडव्यांची मोठी ऑर्डर, मग पूर. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (आमची पुराची खूण) गळ्याला पाणी लागलं की भांडी बाजारवाल्यांची माल वर चढवायची पळापळ होते, त्यात माझा डावा हात चार दिवस सापडत नव्हता, शेवटी एका पातेल्यात मिळाला. काका फोन उचलत नाहीत, ठोके चालू असतात, ऐकूच येत नाही, जाऊनच यावं लागतं. पावती नाही. ऑनलाइन पेमेंट काकूंच्या नंबरवर, आणि काकू देवळात गेल्या असतील तर थांबा. मागच्या घोळाच्या काठात परातीसारखी तार घालून देतो म्हणत होते, मी साधी कड पाहिजे म्हणून नको म्हटलं, आता ती कड शर्टाची बाही खाते, तेवढं ऐकायला हवं होतं.

खर्च असा झाला: पत्रा अडीच किलो १,९००, मजुरी ९,०००, सिंह १,६००, मोजे ६५०, शिवण ४००. एकूण १३,५५०, वेल्डिंगचे वाया गेलेले मोजे धरले नाहीत. ऑनलाइनच्या रद्दी जोडीपेक्षा महाग आहे पण त्या जोडीत आणि ह्यात तुलनाच नको.

आणि हे घालून तलवारबाजी करायची असेल तर करू नका. त्या काळीही बहुतेकांचे लोखंड-पोलादाचेच असायचे, १३६१ ला स्वीडनमधल्या व्हिस्बीच्या लढाईतले मेलेले सैनिक चिलखतासकट पुरलेले सापडले, त्यांच्या हातातले लोखंडी पट्ट्यांचे आहेत. पितळेचे राजपुत्राला शोभतात. पोलादाचं काम काका घेत नाहीत, विचारलं तर म्हणाले लोहाराकडे जा.

बायकोचा प्रश्न अजून तोच आहे, घालून जाणार कुठे, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात)? सध्या टीव्हीच्या शेजारी आहेत. मागच्या आठवड्यात सासरे आले होते, त्यांनी एक उचलून बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले घागर कोणाकडून घडवली?

जाणार असाल तर माप देताना चामड्याचा मोजा हातात घालून जा, उघड्या हाताचं माप दिलं तर फसाल, सांध उघडी ठेवायची हे दोनदा सांगा, आणि दुपारी २ ते ४ जाऊ नका, काका झोपतात.