शाळेचा निरोप घरी कसा पोचवावा: व्हॉट्सॲप, एसएमएस, ॲप की चिठ्ठी?

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या टेबलावर हमखास येतो. ॲप विकणारा माहितीपत्रक ठेवून गेलेला असतो. वर्गशिक्षक म्हणतात, ग्रुप आहे की. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आई विचारतात, "फोन तर ह्यांच्याकडं असतंय, मला कोण सांगणार?" सोलापुरात निवड करताना सुरुवात या शेवटच्या प्रश्नापासून करावी.

शहराच्या पूर्व भागात वडील यंत्रमागावर कामाला आणि आई घरी विड्या वळणारी, अशी घरं आजही भरपूर आहेत. स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात जातो. माग चालू असताना रिंग ऐकू येत नाही. रातपाळी असली की दिवसा फोन उशाशी आणि माणूस झोपेत. घरात तेलुगू बोलतात, मुलगी मराठी माध्यमात शिकते. दुसऱ्या गल्लीत कन्नड, तिसऱ्या गल्लीत उर्दू. म्हणून प्रवेश अर्जावर नुसता 'मोबाइल क्रमांक' हा रकाना पुरत नाही. नंबर कोणाचा, दिवसा फोन कोणाकडे असतो, घरात मराठी वाचणारं कोण, आणि तातडीच्या वेळी शेजारचा किंवा मामाचा नंबर कोणता, एवढे चार प्रश्न वाढवा. कोणतं साधन घ्यायचं हे या उत्तरांवरूनच ठरतं.

व्हॉट्सॲप: ग्रुप की ब्रॉडकास्ट?

बहुतेक शाळांची खरी निवड याच दोघांत होते, आणि फरक वाटतो त्याहून मोठा आहे.

ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, पण वर्गवार ग्रुपच बरा. मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कोणी वाचलं आणि कोणाला नुसतं पोचलं हे दिसतं. निळी खूण बंद ठेवणाऱ्यांचंही दिसतं, कारण ती सोय ग्रुपला लागू होत नाही. अडचण दुसरीच. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनोळखी माणसांच्या फोनचा त्रास झाला की आया मुकाट्याने ग्रुप सोडतात. शाळेला कळतं ते महिनाभराने. 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सेटिंग पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर उद्याच्या सुट्टीचा निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातो.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. त्यात नंबर झाकलेले राहतात आणि पालकाचं उत्तर फक्त शाळेला येतं. फी थकली आहे, मुलगा आजारी आहे, घरात वाद चालू आहे, असलं कोणी ग्रुपवर लिहीत नाही. इथे लिहितात. मर्यादा एका यादीत २५६ जणांची. पण मोठी खोच अशी की ज्या पालकाने शाळेचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याच्याकडे मेसेज जातच नाही, आणि शाळेला तसं कोणी सांगतही नाही. उपाय एकच: प्रवेशाच्या किंवा पुस्तकवाटपाच्या दिवशी, समोर उभं राहून, नंबर सेव्ह करून घ्या आणि लगेच एक चाचणी मेसेज टाकून पाहा.

आमचा कौल ब्रॉडकास्टला, तोही शाळेच्या स्वतःच्या सिमवरून. शिक्षकाच्या खासगी नंबरवर यादी ठेवली तर बदली झाली की यादीही त्यांच्याबरोबर जाते.

सूचनेच्या कागदाचा फोटो टाकू नका. स्वस्त फोनवर अक्षर फुटतं, आणि स्टोरेज भरलेलं असेल तर तो उतरतच नाही. चार ओळी टाइप करा आणि खाली तीस सेकंदांचा आवाजी निरोप जोडा, एक मराठीत, एक तेलुगूत किंवा कन्नडमध्ये. बोलायला समितीतलं कोणीही चालतं.

एसएमएस

साध्या बटणाच्या फोनवरही पोचतो, नेट लागत नाही. पण शाळेने घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी, प्रेषकाचं नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. गाडं इथेच अडतं. पावसाने अचानक सुट्टी द्यावी लागली आणि तसा साचा मंजूर नसला, तर मेसेज निघत नाही. शाळा सुरू होण्यापूर्वीच सुट्टी, वेळेतला बदल, गैरहजेरी, सभा, कागदपत्रांची मुदत आणि निकाल असे सहा साचे मंजूर करून ठेवा. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, रोमनमध्ये १६०. मजकूर ७० च्या पुढे गेला की दोन मेसेजचे पैसे. जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात, तेव्हा आधी दहा घरी पाठवून बघा.

चिठ्ठी

जुनी म्हणून तिला हसू नये. एका ए-४ कागदात चार चिठ्ठ्या बसतात, म्हणजे ४०० मुलांना १०० कागद. खाली सहीची पट्टी असेल आणि ती परत आली, तर निरोप पोचल्याचा पुरावा हातात राहतो. सही मुलंच करतात, ही तक्रार खरी आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकाची नमुना सही किंवा अंगठा घेऊन ठेवला की तिचा जोर निम्मा कमी होतो. मुदतीची चिठ्ठी गुलाबी कागदावर काढा. न वाचणाऱ्या आईलाही रंगावरून कळतं की ही कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवी. अचानकच्या निरोपाला मात्र चिठ्ठी निरुपयोगी. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीने रस्ते बंद होतात, ते आधी माहीत असतं, तिथे ती चालते.

ॲप

हजेरी, फी, गुण एका जागी, हे खरं. पण रोज माहिती भरायला कार्यालयात माणूस हवा, आणि पासवर्ड विसरलेल्या पालकाला दाद द्यायलाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. करार संपल्यावर शाळेची माहिती परत कशी मिळेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बहुतेक घरांत दोन स्मार्टफोन असतील तरच याचा विचार करावा.

मदतीचं काय?

निरोप पोचला म्हणजे काम झालं असं नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. 'मुदत जवळ आली' असा मेसेज शंभर जणांना गेला, तरी कामगार ओळखपत्र, आधार आणि बँक खातं यांत कुठेतरी नाव वेगळं असतं आणि अर्ज तिथेच अडकतो. लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव हे नेहमीचं कारण. इथे कोणतंही साधन पुरत नाही, टेबल लागतं. जुलैतल्या पालकसभेत भाषणं अर्ध्या तासात आटपा, पुढचा तासभर एक शिक्षक संगणक घेऊन बसू द्या. सभेची वेळ शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना विचारून ठरवा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, कारखान्यातली पाळी कधी सुटते आणि वळलेल्या विड्या द्यायला कधी जातात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग घ्यायचं काय?

तीन-चारशे मुलांच्या शाळेला ब्रॉडकास्ट आणि चिठ्ठी ही जोडी पुरते. ज्यांच्याकडे दोन्ही पोचत नाही अशी वर्गात पाच-सात घरं राहतातच. त्यांची यादी वर्गशिक्षकाच्या हजेरीपटात चिकटवा आणि तातडीच्या वेळी फोन करा. दोन मिनिटांचा एक फोन धरला तरी पाव तासात वर्ग होतो. हजाराच्या पुढच्या शाळेने यात एसएमएस घालावा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नंबर पुन्हा तपासा. रिचार्ज न केलेलं सिम बंद पडतं आणि तोच नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. मुलीच्या गैरहजेरीचा मेसेज तेव्हा अनोळखी माणसाकडे जातो. एका वर्गाची फेरतपासणी एका तासिकेत होते: मुलांनी नंबर घरून लिहून आणायचा आणि शिक्षकांनी जुन्या यादीशी ताडून पाहायचा.