साइडिंगचं कोटेशन : सात रिकामी खोकी आणि एकोणीस स्क्वेअरचं बिल

काम संपल्यावर अंगणात साइडिंगची, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवर लावायच्या पट्ट्यांची, रिकामी खोकी पडली होती. आवरताना मोजली, तर सात. विनाइलच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्यांच्या एका खोक्यात साधारण दोन स्क्वेअर माल येतो, म्हणजे चौदा स्क्वेअर. बिलात मात्र एकोणीस होते. एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट, हेही मला त्याच दिवशी कळलं.

रात्री टेप घेऊन बसलो. घर ४० बाय २५ फूट, भिंती १० फूट उंच, म्हणजे १,३०० चौरस फूट. वर दोन त्रिकोणी भिंती, पाया २५ आणि उंची ८ फूट. त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मं, म्हणून दोन्ही मिळून २००. एकूण १,५००. गॅरेजचा दरवाजा, दोन दारं आणि दहा खिडक्या वजा केल्या की १,२०० च्या आसपास उरतात. कापण्यात वाया जाणारा दहा टक्के माल धरूनही चौदा स्क्वेअर पुरतात. कंत्राटदारानं त्रिकोण चौकोन म्हणून मोजले होते आणि एकही दार-खिडकी वजा केली नव्हती. लहान खिडक्या काही जण वजा करत नाहीत, ते मी समजू शकतो. पण अख्खं गॅरेजचं दार?

ही चोरी कोटेशन हातात आलं त्याच दिवशी पकडता आली असती. त्यावर एकच ठोक आकडा होता. किती स्क्वेअर, काय दर, यातलं काहीच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

खरा घाव पुढे बसला. जुनी साइडिंग उतरवल्यावर कंत्राटदार म्हणाला, "आतलं प्लायवुड कुजलंय, वीस शीट बदलावी लागतील." भिंती उघड्या आणि आभाळ भरून आलेलं. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही. मी शीटमागे तो म्हणेल तो दर कबूल केला. नंतर फोटो पाहिले तर नवीन शीट जेमतेम आठ होती. जुना माल उचलून नेण्याचे पैसेही वेगळे लावले. भिंतीवरचं पाणीरोधक आवरण कोटेशनमध्ये नव्हतंच, तेही 'जादा काम' ठरलं.

आतलं लाकूड आधी दिसत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच एका शीटचा दर काम सुरू होण्याआधी लिहून घ्या, आणि बदललेलं प्रत्येक शीट झाकण्यापूर्वी मोजून फोटो काढा. जुना माल उचलणं, आवरण, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, कोपरे, या सगळ्यांची वेगळी ओळ मागा.

शेवटचा हप्ता देण्याआधी आणखी एक करा. विनाइल उन्हात वाढतं, म्हणून खिळे जरा सैल ठोकतात. एखादी पट्टी हातानं आडवी सरकवून पाहा, थोडी हलायला हवी. आमची एकही हलत नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात दक्षिणेकडची भिंत फुगली, आणि तोवर मी त्याचा सगळा हिशेब चुकता करून बसलो होतो.