ब्ल्यू-रे ड्राइव्हसोबतचं प्लेअर सॉफ्टवेअर: एक नवी डिस्क आत गेली आणि सगळं कपाट बंद

ड्राइव्हबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगून टाकतो. यूएसबीवर चालणारा, पातळ, बाहेरचा ब्ल्यू-रे ड्राइव्ह आहे आणि तो आपलं काम चोख करतो. राग आहे तो डब्यात सोबत मिळालेल्या प्लेअर सॉफ्टवेअरवर, आणि त्यातही एकाच गोष्टीवर. कित्येक महिने विनातक्रार चाललेला प्लेअर एक नव्या छपाईची डिस्क आत गेल्यावर जुन्या डिस्कही नाकारू लागला. काल रात्री चाललेली डिस्क आज चालत नाही. डीव्हीडी मात्र पूर्वीसारख्याच चालतात. इंदूरच्या दुकानांत या लक्षणावर ‘लेन्स गई, नया ले लो’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. त्यावर लगेच विश्वास ठेवून पैसे घालवू नका, नवी डिस्क घातल्यावरच हे सुरू झालं असेल तर लेन्सला बहुधा काहीही झालेलं नसतं.

घडतं ते असं. चित्रपटाच्या जवळपास प्रत्येक ब्ल्यू-रे डिस्कवर एएसीएस नावाचं, नक्कल रोखणारं कुलूप असतं. त्या कुलपासोबतच डिस्कवर रद्द केलेल्या प्लेअर सॉफ्टवेअरची यादी छापलेली असते. नवी डिस्क घातली की ड्राइव्ह ही यादी वाचतो, आपल्याकडच्या यादीपेक्षा ती नवी असेल तर स्वतःच्या मेमरीत कायमची साठवतो आणि त्यानंतर यादीतल्या सॉफ्टवेअरशी बोलणंच बंद करतो. यादी ड्राइव्हमध्ये बसलेली असल्यामुळे विंडोज नव्यानं टाकून उपयोग नाही, कॉम्प्युटर बदलूनही नाही. मदत केंद्राकडून पहिला सल्ला मात्र विंडोज पुन्हा टाकण्याचाच आला. ज्यांनी हे कुलूप वापरणारा प्लेअर विकलाय, त्यांच्याच माणसांना त्याची रीत माहीत नसावी, हे मला अजिबात पटलेलं नाही.

दोन बिघाड वेगळे ओळखायला शिका. फक्त नवी डिस्क अडते आणि जुन्या चालतात, तर सॉफ्टवेअरकडच्या किल्ल्या त्या डिस्कला लागू पडत नाहीत, एवढाच अर्थ. सगळ्याच ब्ल्यू-रे अडल्या आणि डीव्हीडी चालल्या, तर बहुधा सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र, म्हणजे ड्राइव्हला दाखवायचं ओळखपत्र, रद्द झालंय. डीव्हीडीचं सीएसएस हे कुलूप वेगळं असल्यामुळे तिच्यावर परिणाम होत नाही. मात्र ब्ल्यू-रेचा लेसर वेगळा असतो, तो गेला तरी हेच लक्षण दिसतं. डीव्हीडीसुद्धा अडखळत असेल, तर आधी धूळ, लेन्स किंवा वीज यांच्याकडे बघा. खात्री करायची असेल तर ती नवी डिस्क कधीच न पाहिलेला दुसरा ड्राइव्ह कुणाकडून आणा आणि त्याच कॉम्प्युटरला लावून जुनी डिस्क घाला. ती चालली तर कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर ठीक आहेत, अडचण आपल्या ड्राइव्हमध्येच आहे, आणि नव्या डिस्कनंतरच ती सुरू झाली असेल तर बहुधा त्यातल्या यादीचीच. त्या ड्राइव्हमध्ये नवी डिस्क चुकूनही घालू नका.

ही रद्द करण्याची सोय उगाच आलेली नाही. २००७ मध्ये कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमधूनच एएसीएसच्या किल्ल्या बाहेर आल्या. तेव्हा त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या रद्द झाल्या आणि प्रामाणिकपणे विकत घेतलेल्यांनाही अपडेट घ्यावंच लागलं. किल्ली फुटली की ती बदलणार, हे समजण्यासारखं आहे. पण ‘डब्यातल्या आवृत्तीला अपडेट मिळण्याची हमी नाही’ हे वाक्य खोक्यावर ठळक छापायला काय हरकत होती? ड्राइव्हला दहा हजारांच्या आसपास मोजल्यावर वरून प्लेअरची पूर्ण आवृत्ती घ्यायची म्हणजे आणखी काही हजार. ब्ल्यू-रेसाठी विंडोजमध्ये स्वतःचा प्लेअर नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर डिस्क ओळखतो, पण किल्ल्या त्याच्यासोबत येत नाहीत.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा या सॉफ्टवेअरला पाचपैकी एक देणार होतो. आता मत थोडं बदललंय. प्लेअरमध्ये ‘अपडेट’ दाबलं की नवी आवृत्ती विकत घेण्याचं पान उघडतं. मात्र डब्यातल्या आवृत्तीचा मोफत पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या डाउनलोड पानावर, आपल्या मॉडेलच्या नंबराखाली ठेवलेला होता. जुनं सॉफ्टवेअर न काढता, इंटरनेट चालू ठेवून पॅच टाकायचा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा आणि मग आधी एखादी जुनी डिस्क घालायची. सगळ्या डिस्क परत चालू झाल्या. म्हणून आता पाचपैकी अडीच. पुढच्या वेळी पॅच येईलच असं नाही, म्हणून तीन नाहीत. नवी डिस्क आणली की ती घालण्यापूर्वी आधी पॅच तपासायचा, हा क्रम पाळा.

रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल या बंधनाचा, घोळ आपल्याकडे वेगळ्याच वाटेनं येतो. ब्ल्यू-रेसाठी भारत रीजन सीमध्ये आहे, अमेरिका एमध्ये आणि युरोप बीमध्ये. आपल्याकडच्या हिंदी-मराठी डीव्हीडी बहुतेक सर्व रीजनच्या असतात, त्यामुळे हा प्रश्न इथे कधी जाणवलेलाच नसतो. राजेंद्रनगरातल्या घरात मुलगा-सून अमेरिकेहून डिस्क घेऊन येतात तेव्हा तो पहिल्यांदा समोर उभा राहतो. ब्ल्यू-रेचा रीजन प्लेअर सॉफ्टवेअर ठरवतं, डीव्हीडीचा खुद्द ड्राइव्ह, आणि बदल मोजकेच करता येतात. डीव्हीडीसाठी ते पाच, पाचव्यानंतर ड्राइव्ह तिथेच अडकतो. म्हणून डिस्कच्या मागचा गोलातला ए, बी, सी आधी वाचा. तिन्ही अक्षरं असतील तर काही बदलायला जाऊ नका. फोर-के डिस्कला रीजनचं बंधन नाही.

फोर-केची गोष्ट निघालीच आहे तर स्पष्ट सांगतो: या कामासाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका. परवाना असलेल्या प्लेअरला फोर-के डिस्कसाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही मेमरीचा भाग सुरक्षित ठेवणारी सोय लागते. फोर-केला चालणारे असे प्रोसेसर सातव्या ते दहाव्या पिढीतले, ही सोय अकराव्या पिढीपासून साध्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून काढून टाकली. म्हणजे जुना कॉम्प्युटर एखादवेळेस चालेल, पण त्याहून महागडा नवा चालत नाही. शिवाय चित्र इंटेलच्याच ग्राफिक्समधून गेलं पाहिजे आणि मॉनिटर व केबल दोन्हींना एचडीसीपी २.२ हे केबलवरून जाणाऱ्या चित्राचं कुलूप चालायला पाहिजे. एवढं जुळवण्यापेक्षा टीव्हीला जोडायचा साधा फोर-के प्लेअर स्वस्त पडतो आणि कटकटही कमी.

विजेबद्दल थोडक्यात. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. ब्ल्यू-रे वाचायला सुरुवात करताना ड्राइव्ह त्याहून जास्त ओढतो, मग टकटक असा आवाज येतो आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो. दोन तोंडांची केबल जेल रोडवर सहज मिळते, ती दोन्ही पोर्टांत लावा. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब असेल तर उत्तमच. एप्रिल-मे महिन्यांत ड्राइव्ह गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालून तापतो.

आता कुलूप काढून फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, कारण वैतागलेला माणूस शेवटी तिकडेच वळतो. तांत्रिकदृष्ट्या ती या रद्द यादीच्या कटकटीतून सोडवतात. पण २०१२ च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्यात कलम ६५ए आलं आहे: हक्कभंग करण्याच्या हेतूनं असं संरक्षण तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे आणि खासगी वापराची सवलत कायद्यात वेगळी दिलेली आहे. तरी मित्रांना पेन ड्राइव्हवर वाटणं कुठल्याही अर्थानं खासगी होत नाही. भाड्यानं किंवा मागून आणलेल्या डिस्कची प्रत करणं तर सरळ चुकीचं.

फाइलचे स्वतःचे खर्चही असतात, ते कुणी सांगत नाही. एक चित्रपट सहज ३० जीबी खातो, म्हणजे दोन टीबीच्या डिस्कवर साठ-पासष्ट. ती डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. बऱ्याच टीव्हींवर डीटीएस या पद्धतीनं साठवलेला आवाज चालत नाही, चित्र दिसतं आणि घर गप्प. ब्ल्यू-रेची उपशीर्षकं अक्षरांच्या नव्हे तर चित्रांच्या रूपात असतात, त्यामुळे टीव्ही ती कित्येकदा दाखवतच नाही. २०१२ पासूनच्या ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये सिनाविया ही आवाजातली खूण ओळखण्याची सोय सक्तीची आहे, त्यामुळे खूण असलेली प्रत अशा प्लेअरवर लावली की काही मिनिटांत आवाज बंद पडतो.

हाच ड्राइव्ह पुन्हा घ्यायचा झाला तर घेईन, पण सॉफ्टवेअरशिवायचा आणि तेवढ्यानं स्वस्त मिळत असेल तरच. विकत घेण्यापूर्वी दुकानात खोकं उघडून आतल्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक बघा, फोनवर कंपनीचं डाउनलोड पान उघडा आणि त्या मॉडेलखालच्या शेवटच्या पॅचची तारीख वाचा. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर ते सॉफ्टवेअर मिळालंच नाही असं धरून किंमत ठरवा.