छोट्या क्लस्टरवर एनएफएस: अख्खा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

नागपूरजवळ हिंगणा रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये आठ नोड्सचा क्लस्टर आहे, म्हणजे नेटवर्कने जोडून एकत्र काम करणारी आठ मशीन्स. उपग्रहचित्रांवरून विदर्भातल्या कापूस-सोयाबीनचं क्षेत्र काढायचं काम त्यावर चालतं. पूर्वी प्रत्येक नोडवर डेटाची वेगळी कॉपी, आणि ताजी कुठली यावरून पोट्ट्यांची रोजची भांडणं. मार्चपासून होम आणि सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर ठेवून एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटून वापरायची पद्धत) सगळीकडे माउंट केलंय, म्हणजे प्रत्येक नोडला ते स्वतःच्याच फोल्डरसारखं दिसतं. एवढ्या पसाऱ्याला हेच पुरतं, लस्टरच्या (मोठ्या क्लस्टरसाठीची, अनेक सर्व्हरवर पसरलेली फाइल सिस्टीम) भानगडीत पडू नका.

मांडणी सोपी आहे. आवृत्ती ४.२ घेतली तर फायरवॉलमध्ये २०४९ हे एकच पोर्ट उघडावं लागतं. यूआयडी (प्रत्येक वापरकर्त्याचा नंबर) मात्र सगळ्या नोड्सवर सारखे हवेत, नाहीतर फाइल एकाची आणि हक्क भलत्याचा.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी लाइन गेली, परत आली, पण सर्व्हरच्या खोलीतला एसी काही आपोआप सुरू झाला नाही. सर्व्हर तापून बंद पडला. नोड्स दुसऱ्या खोलीत, यूपीएसवर चालूच. माउंट ‘हार्ड’ होतं, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत राहणारं, म्हणून जॉब्स जागच्या जागी थांबले आणि सर्व्हर उठल्यावर तिथूनच पुढे चालू लागले. ‘सॉफ्ट’ असतं तर ठरावीक वेळाने एरर आली असती, आणि प्रोग्रामने ती तपासली नाही की अर्धवट फाइल पदरात. अर्थात ‘हार्ड’मध्ये डिस्कवरची जागा दाखवणारी साधी ‘डीएफ’ कमांडसुद्धा लटकते, नवखे घाबरून नोड रीबूट करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

वेगासाठी सर्व्हरवर ‘एसिंक’ ही सेटिंग लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्यात डेटा डिस्कवर जाण्याआधीच सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणून मोकळा होतो. उन्हाळ्यात लाइन जाणाऱ्या गावात हा जुगार कशाला?

एक गिगाबिटवर मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० एमबीने येते, पण ती सगळ्या नोड्सची मिळून वाटणी. बारीक फाइलींचं मात्र हाल बघवत नाही. हजारो फाइलींचं कोंडा एन्व्हायर्नमेंट (पायथनसारख्या सॉफ्टवेअरचा आणि त्याच्या लायब्ररींचा संच) एनएफएसवरून उघडायला चहा पिऊन यावं. तात्पुरत्या फाइली आणि एसक्यूलाइट (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) प्रत्येक नोडच्या स्वतःच्या एसएसडीवरच ठेवा. शिवाय एका नोडने बनवलेली फाइल दुसऱ्याला लगेच दिसेलच असं नाही. कॅशमुळे, म्हणजे नोडने स्वतःजवळ धरून ठेवलेल्या जुन्या माहितीमुळे, कधी मिनिटभरही जातो. तिची वाट बघणाऱ्या स्क्रिप्ट्स त्या हिशेबाने लिहा.

सर्व्हर एकच, त्यामुळे रोज रात्री आरसिंकने (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) दुसऱ्या मशीनवर कॉपी जाते. आता १० गिगाबिटचा स्विच घ्यायचं चाललंय, पण आमच्या फिरत्या डिस्कना तो वेग झेपणार नाही. पैसा आधी डिस्कवर घालू.