सृजन पोर्टल: यादी भरघोस, ऑर्डर मात्र तुम्हीच शोधा

संरक्षण उत्पादन विभागाचं हे पोर्टल ऑगस्ट २०२० पासून चालू आहे. परदेशातून येणारे जे भाग देशात बनवून हवे आहेत, त्यांची ही यादी. २०२५च्या सुरुवातीला नोंदी ३८ हजारांच्या पुढे गेल्या होत्या, त्यांतल्या १४ हजारांहून जास्त भागांचं स्वदेशीकरण झाल्याचं सरकार सांगतं. भोसरी, अंबड किंवा हिंगण्यातल्या छोट्या मशीन शॉपनं त्यात डोकवावं का? जरूर. फक्त एखादा भाग करून द्यायची आवड पोर्टलवर नोंदवली म्हणजे काम मिळालं असं धरू नये. त्यानंतर तो भाग हवा असलेल्या कंपनीची निविदा येते आणि ती वेगळी भरावी लागते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि डिजिटल सही आधीच तयार ठेवा. उद्यममुळे अनामत रकमेतून सूट मिळते.

शोधताना भागाच्या नावापेक्षा आयातीचा आकडा आधी बघा. फिक्श्चर (भाग पकडून ठेवणारी साधनं), गेज (मापं तपासायची साधनं) आणि चाचण्यांना समजा १.८ लाख लागले आणि मागणी २० नगांची निघाली, तर नगामागे ९ हजार नुसता तयारीचाच खर्च. पुढच्या वर्षी मागणी येईल याची हमी पोर्टल देत नाही. खरी गोम इथेच आहे: एका ऑर्डरच्या जिवावर शिकवून तयार केलेला ऑपरेटर कोण टिकवून ठेवणार? म्हणून नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे त्या भागासाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला, पहिला प्रश्न वार्षिक नगसंख्येचा विचारा.

दुसरा प्रश्न ड्रॉइंगचा. रशियन बनावटीच्या सामग्रीचं ड्रॉइंग मिळालंच तर ते गोस्ट या रशियन मानकातलं असू शकतं; नाहीतर हातात नमुना येतो. नमुना सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर) मोजून माप कळतं, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते कळत नाही, आणि तो झिजलेला असेल तर मापही फसवं. स्पेक्ट्रोमीटरवर धातूची रासायनिक घडण कळेल. केस हार्डनिंग (पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया) किती खोल आहे ते पाहायला तुकडा कापावा लागतो, आणि नमुना तर परत द्यायचा असतो. तेव्हा बाद झालेला एक जादा नग मागून घ्या. हे न करता दर भरला तर तुमचा पायलट (पहिला चाचणी) नमुना तपासणीत अडकतो आणि घड्याळ पुरवठ्याच्या मुदतीचं चालू राहतं.

स्थानिक हिश्शाचं, म्हणजे मालाच्या किमतीतल्या देशी वाट्याचं, गणित सोपं आहे. जीएसटी वगळून किंमत १,००० रुपये, आयात माल कस्टम ड्युटीसकट ३८० रुपये, तर हिस्सा ६२ टक्के. ५० किंवा जास्त असेल तर तुम्ही वर्ग-१ पुरवठादार, २० ते ५० मध्ये वर्ग-२. आयात बेअरिंग पुण्याच्या डीलरकडून घेतलं म्हणून ते स्वदेशी होत नाही. बहुतेक चुका इथेच होतात, आणि खोटं प्रमाणपत्र दिलं तर दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत जाल. गंमत म्हणजे या ६२ टक्क्यांत मजुरी किती आणि नफा किती, हे सूत्र विचारतच नाही. रोजगार देशात राहिला का, हे या आकड्यावरून ठरवता येणार नाही.

पैशांचं म्हणाल तर सूक्ष्म-लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम मिळायला हवी. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. स्वीकृतीची तारीख मात्र लेखी घ्या.