टेन्शिओमीटर आणि गाजर: चार महिन्यांनंतर

ऑक्टोबरात गाजर पेरलं तेव्हाच टेन्शिओमीटर (जमिनीतली ओल दाखवणारी, पाणी भरलेली नळी आणि वर काटा) १५ सेंमी खोल रोवला. मध्यम काळी जमीन, ठिबक. एकेका गुंठ्याचे तीन गादीवाफे: एकाला पुरेपूर पाणी, दुसऱ्याला त्याच्या ८० टक्के, तिसऱ्याला ६०. उगवण होईपर्यंत तिघांना सारखंच.

पुरेपूर वाफ्यातला काटा २५ सेंटीबारला आला की पाणी सोडायचं; आकडा जितका मोठा तितकी जमीन कोरडी. पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. पूर्वी वरची माती सुकली की लगेच मोटर चालू करायचो. खाली अजून वाफसा आहे, हे आता काटा सांगत होता.

डिसेंबरात काटा ८ वर येऊन थांबला. ओल आहे म्हणून पाच दिवस पाणी दिलं नाही. सहाव्या दिवशी पाल्यानं माना टाकल्या. खुरप्यानं उकरलं तर माती भुरभुरीत! नळीतलं पाणी निम्म्यावर आलेलं. टोपणातला रबरी वायसर चिरला होता. हवा आत शिरली की काटा शून्याकडे येतो आणि कोरडी जमीन ओली दिसते. यापेक्षा यंत्र बंद पडलेलं परवडलं.

घाबरून एकदम भरपूर पाणी सोडलं. आठवड्याभरात पुरेपूर वाफ्यातली गाजरं तडकली, खांद्यापासून शेपटापर्यंत उभी चीर, आतला गाभा उघडा.

विक्रेत्याला तीनदा विचारलं, तीनही वेळा एकच उत्तर: "टोपण तुम्हीच जास्त आवळलं असणार." वायसर सुटा मिळत नाही, अख्खं टोपण घ्या म्हणे. शेवटी पंप दुरुस्तीवाल्याकडची दहा रुपयांची ओ-रिंग चपखल बसली. दहा रुपयांच्या रबरापायी ३१ किलो गाजर गेलं, हा राग अजून गेलेला नाही.

काढणीनंतर मात्र मत बदललं. पाण्याच्या मीटरप्रमाणे पुरेपूर वाफ्याला ३५,००० लिटर पाणी, गाजर २६२ किलो (तडकलेलं धरून). ८० टक्क्यांना २८,८०० लिटर, २४८ किलो. ६० टक्क्यांना २२,६०० लिटर, १६८ किलो. हजार लिटरमागे अनुक्रमे ७.५, ८.६ आणि ७.४ किलो. म्हणजे ६० टक्क्यांवर पाणी तोडूनही लिटरमागे काही जास्त मिळालं नाही, वर गाजर बारीक आणि चिवट. व्यापाऱ्यानं ते वेगळंच काढलं. तडकलेलं वजा केलं, तर ८० टक्क्यांचा वाफा वजनातही पुढे.

पुढच्या हंगामात सगळ्या गाजराला ८० टक्केच. यंत्र हेच, पण दोन लावणार आणि रोज सकाळी नळीतलं पाणी बघणार. घेणार असाल तर दुकानातच टोपण उघडा, वायसर सुटा मिळतो का विचारा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान गाठा.