न्यूगेट : एकदा प्रकाशित झालेली आवृत्ती जपणारी सेवा

डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर-मंचावरील कोड कंपाइल झाला की त्याची डीएलएल, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारी लायब्ररी फाईल, तयार होते. तिच्यात सहसा प्रोसेसरची थेट आज्ञावली नसते, तर मधल्या टप्प्यावरची एक भाषा असते. प्रोग्राम चालताना ती त्या यंत्रासाठी रूपांतरित होते, आणि म्हणून तीच फाईल बहुतेक वेळा विंडोजवर आणि लिनक्सवरही चालते. अशी तयार फाईल एका ॲप्लिकेशनसाठी लिहून दहा ॲप्लिकेशनांत वापरायची तर ती पोहोचवायची कशी, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षे नीट सुटला नव्हता. २००२ मध्ये डॉटनेटसोबत आलेल्या ग्लोबल असेंब्ली कॅशमध्ये, म्हणजे जीएसीत, एकाच संगणकावरील सर्व ॲप्लिकेशनांसाठी एका लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येत. पण त्यासाठी प्रत्येक संगणकावर प्रशासकाचे अधिकार लागत, आणि ती लायब्ररी मुळात आणायची कुठून, याचे उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हते. ते उत्तर २०१० मध्ये पुढे आलेल्या न्यूगेट या लायब्रऱ्या पोहोचवणाऱ्या सेवेने दिले.

न्यूगेटवर लायब्ररी पॅकेजाच्या रूपात मिळते, आणि हे पॅकेज म्हणजे वेगळे एक्स्टेंशन लावलेली झिप फाईल असते. ती उघडून पाहावी, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आवर्जून सांगतो, कारण रचना पाहिली की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात. आत एक एक्सएमएल फाईल असते आणि तिच्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, लेखक, परवाना आणि हे पॅकेज इतर कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे, हे लिहिलेले असते. लिब फोल्डरमध्ये प्रत्येक फ्रेमवर्कसाठी, म्हणजे डॉटनेटच्या प्रत्येक प्रकारासाठी, स्वतंत्र उपफोल्डर असतो. लेखकाने डॉटनेट फ्रेमवर्क ४.७.२ आणि डॉटनेट स्टँडर्ड २.० अशा दोहोंसाठी कोड कंपाइल केला असेल, तर आपल्या प्रोजेक्टला सर्वांत जवळची असलेली डीएलएल न्यूगेट स्वतः निवडते. एसक्यूलाइट या डेटाबेससारख्या सी भाषेतील लायब्रऱ्यांना मात्र प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी फाईल लागते, आणि त्यांची सोय रनटाइम्स नावाच्या फोल्डरमध्ये केलेली असते. ही मांडणी मला या सेवेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

तितकाच मोलाचा आहे तो पॅकेज न पुसण्याचा नियम. न्यूगेटच्या सार्वजनिक संग्रहात एकदा चढवलेली आवृत्ती लेखकाला बदलता येत नाही आणि स्वतःहून कायमची काढूनही टाकता येत नाही. फार तर ती शोधयादीतून लपवता येते, पण नेमकी तीच आवृत्ती मागणाऱ्या जुन्या प्रोजेक्टला ती मिळत राहते. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम संग्रहातून लेफ्ट-पॅड हे अवघ्या काही ओळींचे पॅकेज लेखकाने काढून घेतले, तेव्हा जगभरातील असंख्य बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप्लिकेशन तयार करण्याच्या प्रक्रिया, अडले होते. ज्याला पाच वर्षांपूर्वीचे ॲप्लिकेशन पुन्हा बिल्ड करून एक छोटी दुरुस्ती द्यायची असते, त्याला या नियमाची खरी किंमत कळते.

आवृत्ती निवडण्याची पद्धत मात्र नवख्या माणसाला चकवते. एखाद्या पॅकेजने न्यूटनसॉफ्ट जेसन या लायब्ररीची ‘९.०.१ किंवा त्यापुढील’ अशी मागणी केली, तर न्यूगेट उपलब्ध असलेली ताजी आवृत्ती न आणता मागणी पूर्ण करणारी सर्वांत खालची, म्हणजे ९.०.१ आणते. यामुळे बिल्ड स्थिर राहतो, हे मान्यच आहे. परंतु त्या लायब्ररीतील १३.०.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत सुरक्षेची एक नोंदलेली त्रुटी आहे, आणि ती आपण कधी स्वतः न मागितलेल्या पॅकेजामार्फत आपल्या ॲप्लिकेशनमध्ये येऊन बसते. डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून, म्हणजे विकासकाच्या साधनसंचापासून, पॅकेज उतरवतानाच अशा त्रुटींची तपासणी होऊन इशारा मिळू लागला, आणि डॉटनेट ९ च्या एसडीकेने ती तपासणी अप्रत्यक्ष पॅकेजांपर्यंत नेली. ही सुधारणा खूप आधी व्हायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांना याशिवाय बाइंडिंग रिडायरेक्टच्या, म्हणजे लायब्ररीच्या एका आवृत्तीऐवजी दुसरी वापरावी असे सांगणाऱ्या, नोंदी सांभाळाव्या लागतात. तो त्रास न्यूगेटने कमी केला, संपवलेला नाही.

सार्वजनिक संग्रहात एका पॅकेजला २५० एमबीची मर्यादा आहे. सामान्य लायब्ररीला ती भरपूर होते, पण टॉर्चशार्पसारख्या मशीन लर्निंगच्या प्रकल्पाला जीपीयूसाठीच्या, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरसाठीच्या, फाइली तुकडे करून अनेक पॅकेजांत वाटाव्या लागतात.

संग्रहातील पॅकेजांवर डिजिटल स्वाक्षरी असते. तिच्यावरून पॅकेज त्या संग्रहातूनच आले असून वाटेत बदललेले नाही, इतके कळते. आतला कोड निर्धोक आहे की नाही, याबद्दल ती काही सांगत नाही. म्हणून नवे पॅकेज घेताना त्याचे लेखक, मूळ कोडचा दुवा आणि अवलंबित्वांची यादी पाहण्याला पर्याय नाही.

व्यावसायिक कामासाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवतो, दोन अटींसह. पहिली, प्रोजेक्टमध्ये लॉक फाईल, म्हणजे वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद, चालू करून ती मूळ कोडसोबत जतन करावी आणि बिल्ड सर्व्हरवर त्या नोंदीबाहेर जाऊ न देणारा लॉक्ड मोड वापरावा, म्हणजे विकासकाच्या संगणकावर आणि सर्व्हरवर तंतोतंत तीच पॅकेजे उतरतात. दुसरी, कंपनीच्या अंतर्गत लायब्रऱ्या खासगी स्रोतावर ठेवल्या असतील, तर कोणत्या नावाचे पॅकेज कोणत्या स्रोतातून यावे, हे सोर्स मॅपिंगने बांधून टाकावे. अन्यथा त्याच नावाचे परके पॅकेज सार्वजनिक संग्रहातून आत येऊ शकते. असा खासगी स्रोत उभारायला मोठा खर्चही लागत नाही, कारण नेटवर्कवरचे एक साधे सामायिक फोल्डरही न्यूगेटला स्रोत म्हणून चालते.